दहावीचा निकाल वाढला, पण आपली मुलं कुठवर पोहोचली?

दरवर्षी मे महिना आला की मोहल्ल्यात एकच विषय असतो. "निकाल किती लागला?" मोबाईलवर बोर्डाची साईट उघडत नाही, सायबर कॅफेत गर्दी होते, दुपारनंतर पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठी ओळ येते, 'यंदाही कोकणच अव्वल, मुलींचीच बाजी'. ती वाचून आपण पेपर घडी करून ठेवून देतो. आम्ही शिक्षक मंडळी मात्र या आकड्यांत थोडे जास्त दिवस अडकून पडतो. पंधरा-वीस वर्षांचे निकाल एकाखाली एक मांडून पाहिले तर त्यातून बऱ्याच गोष्टी दिसतात, आणि त्या आपल्या घरांपर्यंत पोहोचायला हव्यात असं आम्हाला वाटतं. म्हसवडसारख्या दुष्काळी भागात दहावीनंतर मुलगा गॅरेजवर जाणार की कॉलेजात, मुलगी पुढे शिकणार की नाही, हे बरेचदा या एका कागदावर ठरतं. म्हणून तो कागद नीट वाचता आला पाहिजे.

आकडे काय सांगतात

आजची दहावीची परीक्षा १९७५ पासूनची. त्याआधी अकरावीला एसएससी असायची, आणि त्याआधीच्या पिढीची मॅट्रिक. त्या काळी ही परीक्षा म्हणजे गाळणी होती. घरातला एखादा मॅट्रिक पास झाला तर पंचक्रोशीत त्याचं नाव व्हायचं. आज चित्र उलटं आहे, नापास होणारा मोजला जातो.

राज्याचा नियमित विद्यार्थ्यांचा निकाल पाहा. २०१३ साली तो ८३.४८ टक्के होता. २०१४ ला ८८.३२, आणि २०१५ ला ९१.४६ म्हणजे नव्वदीपार. पुढची तीन वर्षं तो ८९ च्या आसपास राहिला : २०१६ ला ८९.५६, २०१७ ला ८८.७४, २०१८ ला ८९.४१. मग २०१९ ला एकदम खाली आला, ७७.१०. लगेच २०२० ला ९५.३० झाला. २०२१ ला तर ९९.९५. त्यानंतर २०२२ ला ९६.९४, २०२३ ला ९३.८३, २०२४ ला ९५.८१ आणि २०२५ ला ९४.१०.

आता विचार करा. २०१८ ची मुलं हुशार, २०१९ ची ढ, आणि २०२० ची परत हुशार, असं कधी होतं का? मुलं तीच, गावं तीच, शिक्षकही तेच. बदलली ती परीक्षा.

२०१९ ला काय झालं?

त्या वर्षी दहावीला नवा अभ्यासक्रम आला. त्याचबरोबर भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून टाकले गेले. तोंडी परीक्षा, अंतर्गत मूल्यमापन म्हणजे हेच गुण. पोराला ते पेपरात लिहूनच मिळवायला लागले. त्या वर्षी १६,१८,६०२ नियमित मुलं बसली आणि १२,४७,९०३ पास झाली. म्हणजे ३ लाख ७० हजारांवर मुलं मागे राहिली. आरडाओरड झाली, आणि पुढच्याच वर्षापासून ८०-२० ची पद्धत परत आली.

या २० गुणांचा हिशोब साधा आहे. विषयात पास व्हायला १०० पैकी ३५ लागतात. शाळेने अंतर्गतला २० पैकी १८ दिले, तर लेखी पेपरात ८० पैकी १७ पडले तरी विषय सुटतो. शाळेचे गुण नसतील तर तेच ३५ पूर्ण लेखीतून काढावे लागतात. जे पोरगं काठावर आहे त्याचं नशीब या फरकात ठरतं. अंतर्गत गुण वाईट आहेत असं आमचं म्हणणं नाही. तोंडी बोलणं, प्रयोग करणं, वही नीट ठेवणं यालाही किंमत असलीच पाहिजे. पण पास झालेल्या मुलाला लिहिता किती येतं हे निकालाच्या टक्क्यातून कळत नाही, एवढं ध्यानात ठेवायचं.

पुढच्या वर्षांचं कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. २०२० ला लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे गुण बाकी विषयांच्या सरासरीवर दिले. २०२१ ला परीक्षाच रद्द झाली. नववीचा निकाल आणि दहावीचं शाळेतलं काम यावर गुण मिळाले, म्हणून ९९.९५. २०२२ ला अभ्यासक्रम पाऊण होता, पेपरला जादा वेळ होता आणि केंद्र आपल्याच शाळेत होतं. २०२३ ला सगळं पूर्ववत झालं, कॉपीमुक्त अभियानाचा जोर वाढला, आणि निकाल तीन टक्क्यांनी उतरला. तेव्हा "आमच्या वेळी पन्नास टक्के पडले तरी लय होते" म्हणणारे चाचा आणि "मला ब्याऐंशी पडले" म्हणणारा पुतण्या, दोघांची तुलना करू नका. दोघांची परीक्षा वेगळी होती.

कोकण पहिला, आपण दुसरे

बोर्डाचे नऊ विभाग आहेत. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे मिळून कोल्हापूर विभाग. म्हसवड त्यातच येतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग पूर्वी आपल्याच विभागात होते. २०११ मध्ये कोकण विभाग वेगळा झाला, आणि २०१२ च्या परीक्षेपासून पहिला नंबर त्याने कधी सोडला नाही.

२०१४ पासून लेखी परीक्षेचं कुठलंही वर्ष काढा, कोकण पहिला आणि कोल्हापूर दुसरा. २०१८ ला कोकण ९६.००, कोल्हापूर ९३.८८. २०१९ च्या कडक वर्षी कोकण ८८.३८, कोल्हापूर ८६.५८. २०२४ ला कोकण ९९.०१, कोल्हापूर ९७.४५. २०२५ ला कोकण ९८.८२, कोल्हापूर ९६.८७. तळाचा नंबर मात्र फिरता असतो. २०१८ आणि २०१९ ला नागपूर, २०२० ला औरंगाबाद, २०२२ ला नाशिक, आणि २०२३ पासून तीन वर्षं परत नागपूर.

सगळ्यात बोलका आकडा आहे तो वरच्या आणि खालच्या विभागातल्या अंतराचा. २०१८ ला हे अंतर १० टक्के होतं. २०१९ ला ते २१ टक्क्यांवर गेलं, कारण नागपूरचा निकाल ८५.९७ वरून ६७.२७ वर आपटला. २०२२ च्या सोप्या वर्षी अंतर फक्त ३.३७ राहिलं. २०२४ ला ४.२८ आणि २०२५ ला परत ८.०४. याचा अर्थ सरळ आहे. परीक्षा सैल असली की सगळे सारखे दिसतात. परीक्षा कडक झाली की कुणाचा पाया पक्का आणि कुणाचा कच्चा ते उघडं पडतं. २०१९ ला कोल्हापूर विभाग ७.३० टक्क्यांनी घसरला, नागपूर १८.७० ने. पेपर एकच होता, पण पडण्याची उंची वेगळी होती.

मुलामुलींचंही तसंच. २०१८ ला मुलींचा निकाल ९१.९७ आणि मुलांचा ८७.२७, फरक पावणेपाच टक्क्यांच्या आत. २०१९ ला मुली ८२.८२ आणि मुलं ७२.१८, फरक साडेदहाच्या वर. २०२५ ला मुली ९६.१४, मुलं ९२.३१. कडक वर्षात पोरं जास्त गळतात. आपल्या घरात पोराला सायंकाळी दुकानावर बसवतात आणि पोरगी घरात अभ्यास करते, त्याचा हा हिशोब असू शकतो. नीट बघा एकदा.

आपला विभाग पुढे का?

याचं एकच कारण नाही. पण इतिहासाकडे पाहिलं तर काही गोष्टी डोळ्यात भरतात. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यात त्यांचं वसतिगृह सुरू झालं, तिथे सगळ्या जातीधर्मांची मुलं एका पंगतीत जेवली. 'कमवा आणि शिका' ही आपल्या मातीतली कल्पना. खेड्यापाड्यात चालत जाण्याच्या अंतरावर हायस्कूल आलं ते अशा संस्थांमुळे.

त्याआधी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी जातीजमातींसाठी बोर्डिंगं काढली. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं, आणि महाराज स्वतः मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्ष झाले. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. ज्या काळात गरीब मुसलमान घरातल्या पोराला शाळा म्हणजे दूरची गोष्ट होती, त्या काळात त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली. आज शंभर वर्षांनी विभाग दुसरा येतो त्याची मुळं कुठेतरी तिथे आहेत. बोर्डिंग म्हणजे नुसती खोली नसते. गावाबाहेर पडून शिकता येतं हा विश्वास तिथे तयार होतो.

कोकणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे परीक्षेला बसणारी मुलं तीस हजारांच्या आत असतात, मुंबई विभागात तीन लाखांवर. शाळा लहान, वर्गात मुलं कमी, प्रत्येकाचं नाव गुरुजींना पाठ. बऱ्याच घरांतला कर्ता माणूस मुंबईला, जहाजावर नाहीतर आखातात. सर्टिफिकेटशिवाय बाहेर नोकरी नाही हे तिथल्या आयांना कुणी सांगावं लागत नाही.

पण विभाग दुसरा आला म्हणून माण तालुक्याने फेटे बांधायचं कारण नाही. सरासरी म्हणजे कृष्णाकाठचा ऊस आणि माणदेशातली कुसळं एकाच तराजूत घालण्यासारखं आहे. कऱ्हाड-इस्लामपूरची बागायत आणि म्हसवड-आटपाडी-जतचा दुष्काळ एकाच आकड्यात येतो. आपल्याकडे पाऊस नाही पडला की घरं हलतात. कुणी ऊसतोडीला, कुणी मेंढरं घेऊन, कुणी गलाईच्या धंद्याला परराज्यात, कुणी मुंबईला हमालीला. दहावीचं पोर आजीजवळ राहतं. त्याचा अभ्यास कोण घेणार? ही अडचण विभागाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

लातूरचं कोडं

निकाल वाचताना नुसती पासाची टक्केवारी बघून चालत नाही, हे लातूर शिकवतं. लातूर विभागाचा निकाल बरेचदा राज्याच्या सरासरीखाली असतो. २०१९ ला ७२.८७, २०२४ ला ९५.२७, आणि २०२५ ला ९२.७७, म्हणजे शेवटून दुसरा. पण १०० टक्के गुण मिळवणारी मुलं मोजा. २०१९ ला राज्यात २० मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातली १६ लातूर विभागातली. २०२४ ला १८७ पैकी १२३. २०२५ ला २११ पैकी ११३.

म्हणजे शेंडा सगळ्यात उंच आणि बुंध्याला पाणी कमी. कोकणात नेमकं उलटं, झाड फार उंच नाही पण मुळापर्यंत ओल आहे. आपल्या जमातीने कुठलं मॉडेल धरायचं? आपण सत्कार समारंभ घेतो ते नव्वदीपारच्या पोरांचे. ते जरूर घ्यावेत. पण काठावरच्या पोराला फेब्रुवारीपर्यंत कुणी हात दिला का, हे विचारणारा समारंभ होत नाही.

सत्तर टक्के म्हणजे किती?

"सर, पोराला बासष्ट पडले, फर्स्ट क्लास आहे, आता सायन्सला घालू का?" हा प्रश्न आम्हाला दर जूनमध्ये येतो. उत्तर २०२५ च्या आकड्यांत आहे. त्या वर्षी १५,४६,५७९ नियमित मुलं बसली. त्यातली ४,८८,७४५ मुलं ७५ टक्क्यांच्या वर होती. ६० ते ७५ मध्ये ४,९७,२७७. ४५ ते ६० मध्ये ३,६०,६३०, आणि त्याखाली पास झालेली १,०८,७८१.

यातून काय निघतं? बसलेल्या दर १०० मुलांतली जवळजवळ ३२ डिस्टिंक्शनमध्ये आणि ६४ मुलं साठच्या वर. तेव्हा साठ-बासष्ट म्हणजे आता मधल्या मुलाच्याही थोडं खाली. २०१० पासून सहापैकी उत्तम पाच विषयांवर टक्केवारी काढतात, म्हणजे सगळ्यात कच्चा विषय टक्केवारीतून गळून पडतो. सायन्सला घालायचं तर एकूण टक्के बाजूला ठेवा, गणित आणि विज्ञानाचे गुण बघा. पुढे नीट, जेईई, सीईटी याच दोन विषयांवर पोराला घासून काढतात. कॉमर्स, आयटीआय, डिप्लोमा यात काही कमीपणा नाही. कमीपणा आहे तो चुकीच्या शाखेला जाऊन बारावीला बसकण मारण्यात.

आणि उरलेली ९१,१४६ मुलं? ती नापास. राज्याला ५.९० टक्के म्हणजे किरकोळ वाटतात, पण ज्याच्या घरात एक आहे त्याला तो शंभर टक्के असतो. त्यांच्यासाठी जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही मिळतो. निकालानंतर फॉर्म भरायला दिवस थोडे मिळतात. ते दिवस रागावण्यात, रडण्यात घालवले तर वर्ष जातं. वर्षभर घरी बसलेलं पोर परत पेपरला बसलं तरी सुटणं अवघड असतं. पुनर्परीक्षार्थींचा निकाल नियमित मुलांपेक्षा खूप खाली असतो तो याचसाठी.

जे आकड्यात नाहीत

निकालाची टक्केवारी ही परीक्षेला बसलेल्यांची असते. आठवी-नववीतून जे गळाले ते त्यात नाहीत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यामुळे आठवीपर्यंत पोराला नापास करून काढून टाकणं बंद झालं, हे चांगलंच झालं. पण ज्याला वाचता येत नाही तेही पोर पुढे सरकत आलं आणि खरा धक्का नववीत बसायला लागला. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या पोराला दहावीपर्यंत येऊच न देण्याचा मोह शाळांना होतो, हेही आम्ही शिक्षक म्हणून लपवत नाही.

बोर्डाचा निकाल विभाग, जिल्हा, मुलगा-मुलगी असा जाहीर होतो. धर्मवार तक्ता त्यात नसतो. आपला हिशोब दुसरीकडून लावावा लागतो. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, आणि राज्याची ७६.९. म्हणजे अक्षर ओळखण्यात आपण मागे नव्हतो, उलट थोडे पुढेच होतो. पण २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आणि २०१३ चा डॉ. महमूदुर रहमान समितीचा अहवाल एकच गोष्ट सांगतात : जसजशी इयत्ता वाढते तसतशी आपली मुलं कमी होत जातात. आपली गळती पहिलीत नाही, ती नववी ते बारावीत आहे. म्हणून ९४ टक्क्यांचा निकाल वाचून आपण समाधान मानायचं नाही. आपल्या गल्लीत पहिलीला गेलेली दहा मुलं होती, त्यातली दहावीला किती बसली, हा आपला खरा निकाल.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, सहामाही आणि सराव परीक्षेनंतर शाळेत या. "पोरगं कसं आहे" असं मोघम विचारू नका. "लेखीला ८० पैकी किती?" असं विचारा. गणित, विज्ञान, इंग्रजी हे तीन विषय वेगळे बघा. सातारा-सांगलीकडच्या आपल्या बहुतेक मुलांची शाळा मराठी आणि घरची बोली उर्दू-दखनी. बोलताना अडचण नाही, पण लिहिताना वाक्य अडतं. रोज अर्धं पान मराठीत लिहायला लावा. पोरं दोन भाषांत वाढतात ही त्यांची ताकद आहे, ती कागदावर उतरायला सराव लागतो.

दुसरी, आठवीतल्या पोराला एनएमएमएसच्या परीक्षेला बसवा. पास झालं आणि यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. बारा हजारांत पोराला दुकानावरून सोडवता येतं.

तिसरी, कागदपत्रं. अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी अशा आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला नववीतच शोधायला घ्या. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकार भरतं. दाखला नाही म्हणून पोरगी मागे राहू नये. अकरावीचा प्रवेशही २०२५ पासून राज्यभर ऑनलाईन झाला आहे, तिथेही कागद वेळेवर लागतात.

चौथी गोष्ट जमातीसाठी. मशिदीच्या किंवा शादीखान्याच्या खोलीत मगरिबनंतर दोन तास दिवा लावून ठेवला, तिथे एखादा कॉलेजचा पोरगा बसवला, तर काठावरची पाच पोरं सुटतील. ज्यांचे आईबाप बाहेरगावी कामाला आहेत त्यांना आधी जागा द्या. शाहू महाराजांनी बोर्डिंग काढलं ते याच कामासाठी. आपल्याला इमारत बांधायची नाही, दोन बाकं आणि एक माणूस पुरेल.

पुढचा निकाल किती लागेल हे बोर्डाच्या पेपरवर ठरेल, ते आपल्या हातात नाही. पेपर कडक आला तरी आपलं पोर २०१९ सारखं आपटणार नाही, एवढी तयारी मात्र करता येते. त्याची सुरुवात दहावीच्या मार्चमध्ये होत नाही. यंदा जे पोर आठवीत आहे, त्याचं दप्तर आज रात्री उघडून बघा.